एकविसावा दिवस

माझ्या शिकाऊ गाडीला ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या.
बावीस वर्षं झाली, ताराराणी चौकापासून रंकाळ्यापर्यंत
मी डाव्या सीटवर बसून कोल्हापूर थांबवत आलेय.

पहिल्या दिवशी अख्खं वजन टाकायचं.
पाचव्या दिवशी टाच उचलायची.
दहाव्याला नुसता अंगठा,
तोही पापाच्या तिकटीला कुणी म्हातारं
मागं न बघता रस्त्यात उतरलं तरच.
विसाव्या दिवशी पाय मांडीखाली घेऊन बसायचं,
तोंडात बडीशेप, नजर खिडकीबाहेर,
पोटात मात्र गोळा.
एकविसाव्या दिवशी पोरगं म्हणतं,
मॅडम, आज तुम्ही काय बोललाच न्हाई.
तो दिवस फीमध्ये धरलेला नसतो.

काल धैर्यशील चौगुले आला,
दोन हजार अकराच्या बॅचचा, क्लच सोडताना डोळे मिटायचा.
दारात नवी गाडी.
"मुजावर मॅडम, चला, कुडित्र्यापर्यंत जाऊन येऊ.
बसा तर खरं, नाद खुळा गाडी हाय."

बसले. सवयीनं पाय पुढं सरला.
तिथं मॅट होती. नुसती मॅट.

फुलेवाडी नाक्यावर दुधाच्या किटल्यांची मोटारसायकल आडवी आली,
मी मॅट दाबली
आणि गाडी थांबली.
क्षणभर वाटलं, मीच थांबवली.
मग टुंग वाजलं, पडद्यावर लाल अक्षरं आली,
आणि धैर्यशील हसला,
पाहुण्यांसमोर पोरानं पाढा म्हटल्यावर बाप हसतो तसा.

मी त्याच्या मानेकडं बघत होते.
मान वळत नव्हती.
ह्याच मानेसाठी मी आठ दिवस घसा कोरडा केलेला.
आरसा, मग खांद्यावरून नजर, मग स्टिअरिंग.
आता आरशाच्या कोपऱ्यात नारंगी दिवा लागला की मागं कुणीतरी आहे,
नाही लागला की नाही.
इंडिकेटर मात्र न चुकता देतो.
"न्हाई दिला तर स्टिअरिंग ढकलती ओ ती."
माझ्या ओरडण्यानं हे कधी जमलं नव्हतं,
हे मान्य केलं पाहिजे.

बालिंग्याचा पूल ओलांडला. गळीत हंगाम.
रस्त्याभर पाचट, पांढरे पट्टे त्याखाली गडप,
पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या,
मागचा दिवा म्हणून बांधलेली लाल परकराची चिंधी.
पडद्यावरच्या दोन हिरव्या रेघा राखाडी झाल्या.
टुंग नाही, ढकलणं नाही.
गाडीनं काही न बोलता
पाय मांडीखाली घेतला.

धैर्यशीलचे हात चाकाच्या तळाशी सैल पडलेले,
ते वर आले, दहा वाजून दहा मिनिटांवर बसले,
मी बसवले होते तिथंच.
मान वळली. उशिरा, पण वळली.
ट्रॉलीबाहेर आलेलं उसाचं टोक
माझ्या काचेवर खर्रकन ओढत गेलं.

कारखान्याच्या वजनकाट्यापाशी त्यानं गाडी बाजूला घेतली.
"मॅडम, खरं सांगा.
शेवटच्या दिवशी तुमचा पाय ब्रेकवर होता न्हवं?"
नव्हता.
"मला वाटायचं, हाय. म्हणून तर भ्या वाटलं न्हाई."

यावर मला काही सुचलं नाही.
मळीचा वास येत होता. काच वर केली.
परत येताना टुंग तीनदा वाजलं,
दोन्हीकडून कुणीच काही बोललं नाही.

आज सकाळी साडेसहाला नवी पोरगी. पहिला दिवस.
क्लचवर पाय लटपटतोय.
मी माझ्या ब्रेकवर अख्खं वजन ठेवलं
आणि विचारलं, घरी कुठली गाडी?
तिनं नाव सांगितलं. टुंगवालीच.
बरं, म्हटलं,
चावी राहू दे.
आधी मान वळवून दाखव.